गड्डी आली

परवा कँपात एका मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिच्या दिवाणखान्यात पियानोवर काचेचं एक उंच, कमरेशी आवळलेलं भांडं होतं. भांड्यात पाणी, आणि वरच्या वाटीसारख्या तोंडात एक कंद बसवलेला. त्याची पांढरी मुळं खाली पाण्यात लोंबत होती. मातीशिवाय फुलणार म्हणून सगळे कौतुक करत होते. मीही मान हलवली. पण मला त्या भांड्याकडे बघवेना. कुणी आंघोळ करत असताना चुकून दार ढकलावं तसं वाटलं.

तुंगाआक्का असती तर तिनं पदराचं टोक त्या भांड्यावर टाकलं असतं. "निजलेल्याला असं उघडं बघत्यात व्हय गं?" असं म्हणाली असती, आणि यजमानीणबाईंना काय वाटेल याचा विचार न करता भांड्याकडे पाठ करून बसली असती.

शहापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर होतं. वडिलांची वकिली बेळगावात. पण घर आजोबांच्या वेळेपासूनचं, म्हणून आम्ही विणकरांच्या वस्तीत राहत होतो. शहापूर संस्थानी, बेळगाव इंग्रजी, मध्ये नाका. मी रोज सकाळी टांग्यातून इंग्रजीत जायची आणि संध्याकाळी संस्थानात परत यायची. कँपातल्या शाळेत नन्स 'मोठ्यानं बोल' म्हणत, गल्लीत मुली 'आमच्यासारखं बोल' म्हणत. दोन्ही जमत नसल्यामुळे मी बहुधा गप्पच असे. तुंगाआक्काकडे मी जात राहिले याचं एक कारण हेच. तिला समोरच्यानं बोलावं अशी मुळीच अपेक्षा नव्हती.

ती उंच होती, हाडकुळी, आणि तिचा उजवा अंगठा पळीच्या टोकासारखा चपटा होता. घर गल्लीतल्या इतर घरांसारखंच: पुढे माग, मध्ये चूल, मागे परसू. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तिचा मुलगा बाबू दिवसभर लुगडी विणायचा. नवरा कँपातल्या एका साहेबाच्या बागेत कामाला होता. मी तिला ओळखू लागले तेव्हा तो जाऊन वर्ष झालं होतं. त्याचं नाव तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'आमचं मानूस' एवढंच.

त्या माणसानं मागं ठेवलेली वस्तू म्हणजे एक वेताची टोपली. साहेबाची मड्डम विलायतेला परत निघाली, तेव्हा तिनं फाटकाशी ओतून दिलेले कंद त्यानं टोपलीत भरून घरी आणले. "असलं फूल तू जल्मात बघितलं न्हाईस," असं तो आक्काला म्हणाला. कसलं, कुठल्या रंगाचं, ते त्यानं सांगितलं नाही. फुलल्यावर बघशीलच म्हणाला. ते लावायच्या आधीच तापानं गेला.

आमची ओळख त्या टोपलीमुळेच झाली. एके दिवशी आक्कानं माझा टांगा अडवला.

"ए मड्डम, खाली उतर. इंग्रजी वाचाय येतंय न्हवं?"

टोपलीत तळाशी एक लाकडी पट्टी सापडली होती. तिच्यावरची अक्षरं पुसट झालेली. मी वाचून सांगितलं, "कोरडं ठेवा, असं लिहिलंय."

"आनि रंग?"

"रंग नाही लिहिलेला."

तिनं पट्टी माझ्या हातातून काढून घेतली, उलटी करून बघितली, आणि रागानं चुलीत घातली. "एवढं विलायतेस्नं आली, आनि कोरडं ठेवा सांगाय आली!"

तेव्हापासून मी तिची मड्डम झाले. शाळेतून आल्यावर बोळातून तिच्या परसात जायचं आणि दगडावर बसून बघत राहायचं. तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. आक्कानं मला पाणी कधी विचारलंच नाही, म्हणजे तिलाही ते माहीत असावं.

परसात जमीन अशी थोडीच होती. भिंतीच्या बगलेला एक वाफा होता, त्यात निशिगंध आणि कर्दळ. बाकी सगळं डब्यांत आणि भांड्यांत. घासलेटचे डबे, गळका रांजण, सूत रंगवायचा चिरलेला हंडा. साहेबाच्या घरून आलेलं निळ्या फुलांचं एक इनॅमलचं भांडंही होतं. त्यातल्या लिलीला ती सगळ्यांत मानाची जागा देई, तुळशीशेजारी. ते भांडं मुळात रात्री पलंगाखाली कशासाठी ठेवतात हे मला शाळेतल्या बोर्डिंगच्या मुलींमुळे माहीत होतं. मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कंदाला ती गड्डा म्हणायची. लावायची तिची रीत ठरलेली. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, भोकांवर खापरी पालथी घालायची, मग वाळू, मग कुजलेल्या पाल्याची माती. गड्डा हातात घेऊन आधी अंगठ्यानं दाबून बघायचा. टणक असेल तर बरा. अंगठा रुतला तर आतून नासलेला, त्याला लांब फेकायचं, शेजारी ठेवायचं नाही. मग राखेत घोळवून मातीत बसवायचा, डोळा वर. कोंब जिथून फुटतो त्या टोकाला ती डोळा म्हणे. मान मातीबाहेर राहिली पाहिजे, आणि हिरवं दिसेपर्यंत पाणी नाही. एकदा मी लावायला घेतला, तेव्हा तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. "डोळा वर! मातीत तोंड खुपसून कोन निजतंय का?"

कुठला गड्डा उगवला नाही तरी ती त्याला मेला म्हणत नसे. 'निजलाय' म्हणे. दोन वर्षं निजलेलेही तिच्याकडे होते. पण याचा अर्थ ती झाडांवर माया करणारी भाबडी बाई होती असा नव्हे. समोरच्या काशीबाईनं एकदा विचारलं, "आक्का, झाडांसंगं बोलतीस म्हनं?" तर आक्का उसळली. "झाडांसंगं बोलाय येडी हाय का मी? तुमच्यासंगं बोलूनच माझं तोंड दुखतंय."

आणि चिक्कूही होती. एवढी लिली, एवढा निशिगंध, पण गल्लीत कुणाला एक गड्डा दिला नाही. काशीबाई म्हणायची, "एक वेळ सून देशील, पर गड्डा न्हाई देनार तू."

"सून आनायची असती," आक्का म्हणाली. "द्यायच्या त्या लेकी. दोन दिल्या. दोन्ही बाळंतपनात गेल्या. आता मी कुनाला काय देत न्हाय."



सून आली ती गोकाकाकडची. नात्यातलीच, पण घर कानडी. सीमेवरच्या विणकरांत अशी लग्नं होत असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिचं माहेरचं नाव निंगव्वा. लग्नात तांदळात नाव लिहून लक्ष्मी ठेवलं. आक्का 'लक्षुमी' म्हणून हाक मारी, तेव्हा सुरुवातीला ती वळूनच बघत नसे. हे आपलं नाव आहे हे तिच्या लक्षातच येत नसे. आक्काला वाटे, सून तोऱ्यात आहे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. मी एकदा हळूच खरं नाव विचारलं तर "निंगव्वा" म्हणाली आणि पदराआड खूप हसली, जणू मी तिच्या माहेरी जाऊन आले होते.

आक्कानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ह्या घरात मराठी. कानडी बाजारात." बाजारापुरती कानडी आक्कालाही येत होती. भाव विचारायचा, नको म्हणायचं, पुन्हा बोलवायचं, एवढी. पण चुलीपाशी ती चालायची नाही. पोरीनं मग बोलणंच कमी केलं. आम्ही दोघी दगडावर बसलो की आमच्या दोघींच्या गप्प बसण्यात मला फार बरं वाटे.

त्यानंतर कांद्याचा प्रकार झाला. बोरगावहून आक्काचा दीर आला होता. आक्का सूतवाल्याकडे जायच्या घाईत होती. सुनेला म्हणाली, "कांदं चिरून झुनका कर." सुनेनं इकडेतिकडे बघितलं. तुळईला जाळीत मड्डमचे कंद वाळत टांगलेले होते. लालसर साल, कांद्यासारखीच मान. तिनं त्यातले घेतले.

दीर बिचारा भुकेला होता. सगळा झुणका त्यानंच संपवला. आक्का परत आली तेव्हा तो परसात ओणवा होऊन आतडी बाहेर पडतील असा ओकत होता. मी दगडावर होते. आक्कानं एकदा दिराकडे पाहिलं आणि आधी आत धावली ती जाळी बघायला. मग बाहेर आली.

"वैनी," दीर धापा टाकत म्हणाला, "दादानं मेल्यावर बी मला जेवाय घातलं बघ! तुजं जल्मात न बघितलेलं फूल माझ्या प्वाटात उगवतंय!"

त्याला चुन्याची निवळी पाजली, संध्याकाळपर्यंत तो सावरला. सगळी गल्ली हसत होती. सून तेवढी चुलीमागे भिंतीला टेकून बसली होती. आता माहेरी धाडतील अशी तिची खात्री झाली होती. आक्कानं तिला ओढून परसात आणलं, समोर बसवलं. एका हातात कांदा घेतला, दुसऱ्या हातात मड्डमचा कंद.

"ह्ये काय?" तिनं कांदा पुढे केला.

"उळ्ळागड्डी," सून म्हणाली. त्यांच्याकडे कांद्याला तसंच म्हणतात.

"कांदा म्हन. कांदा. आनि ह्ये?"

पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग घाबरत म्हणाली, "गड्डी?"

आक्काचा चेहरा जरा बदलला. गड्डा आणि गड्डी. एवढं जवळचं काही तिच्या तोंडून निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "गड्डीच म्हन. चालंल. पर ध्यानात ठेव, ह्या घरात गड्डी म्हंजे हीच. दुसरी कसली न्हाय. काय?"

"गड्डी अंद्र इद," सून म्हणाली. गड्डी म्हणजे हीच.

त्या घरात आक्कानं कानडीला दिलेली ती एवढीच जागा. आणि गंमत म्हणजे त्या एका शब्दावर दोघींचं जमलं. उरलेले मड्डमचे कंद आक्कानं दसऱ्यानंतर, हवेत गारवा आल्यावर, डब्यांत लावले. आधीची दोन वर्षं त्यांना नुसती पानं आली होती. या खेपेला माती बदलली, जागा बदलली. लावताना अर्धे सुनेच्या हातून लावून घेतले. "हिचा अंगठा बरा हाय," असं मला म्हणाली. आक्काच्या तोंडून कुणाची स्तुती मी त्याआधी ऐकली नव्हती.

मग रोज सकाळी, पाणी भरून झालं की, सून परसात डबे बघून यायची आणि आक्का चुलीपासून विचारायची, "आली का गड्डी?"

"न्हाई, अत्ती." सासूला ती अत्तीच म्हणे. ते मराठी करायचं आक्काच्या ध्यानात आलं नाही, किंवा तिनं ते आणलं नाही.

"येती. निजलीया."

दिवाळी झाली आणि गल्लीत उंदीर मरून पडायला लागले. पहिला सापडला तो काशीबाईच्या मागाच्या खड्ड्यात. उंदीर पडला म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नसे. चार दिवसांत लोक बोचकी बांधून वडगावच्या पलीकडे माळावर झोपड्या घालायला लागले. नाक्यावर एक बाई येऊन बसली. टांगे थांबवून ती मुलीबायकांना पोत्याच्या आडोशाला नेई आणि नुसतं 'बगल' म्हणे. आम्ही हात वर करायचा, ती काखेत गाठ आहे का ते बोटांनी चाचपायची, की पुढे. शाळा बंद होईपर्यंत रोज दोनदा.

बाबू तेव्हा लुगड्यांचं गाठोडं घेऊन निपाणीच्या बाजाराला गेला होता. तिथून बोरगावला काकाकडे जाऊन येणार होता. आक्का हलेना.

"पोरगं येऊ दे," ती म्हणायची. "कुलूप बघून त्ये कुठं जाईल?"

दुसरं कारण ती सांगत नव्हती, पण ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. काशीबाई गाडीत बसायच्या आधी तिच्या दारात आली. "डबं घाल की गाडीत! माझ्या गाडीत घालते."

"हलवलं की निजमोड हुतीया. आनि आता येनार त्या. माती वर उचलल्यागत झालीया."

"डबं ऱ्हाऊ देत. सुनेला तरी लावून दे माझ्यासंगं. तरनी पोर हाय."

"सून माझी हाय," आक्का म्हणाली.

काशीबाईनं सुनेकडे पाहिलं. सून उंबऱ्याच्या आत उभी होती. तिला किती कळलं कोण जाणे. ती आक्काच्या मागे सरकली.

दोन दिवसांनी आमचीही गाडी भरली. गल्लीत तोवर आमचं आणि आक्काचं, एवढीच घरं उघडी होती. आईनं मला पाठवलं. "तुंगाआक्कांना सांग, आमच्या गाडीत दोघींना जागा आहे. आत जाऊ नकोस. बाहेरूनच सांग."

मी बोळातून परसाच्या कडेला गेले. सकाळची वेळ होती. आक्का एकटीच डब्यांपाशी बसली होती. मी निरोप सांगितला.

"बघते," ती म्हणाली. "सांजपतूर बाबू आला तर बरं. आनि ह्या लक्षुमीचं आज अंग मोडलंय. पानी भरून आली आनि निजली. थंडी वाजून आलीया जरा."

तेवढ्यात आतून हाक आली. "अत्ती."

"काय गं?"

"गड्डी आली."

मी आक्काला हसताना तोवर पाहिलं नव्हतं. तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत हे मला त्या वेळी कळलं. "आली?" ती म्हणाली. पाणी भरून येताना पोरीनं बघितलं असणार, असं तिला वाटलं. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि एकेका डब्यावर वाकून बघायला लागली. घासलेटचे डबे बघितले, हंडा बघितला.

"कुठं गं? कुठल्या डब्यात?"

"बगलाग."

"बगलंला?"

भिंतीच्या बगलेला वाफ्याच्या कडेनं तिनं दोन कंद जमिनीतही लावले होते. ती तिथे गेली, मांडी घालून बसली आणि बोटांनी हलकेच माती बाजूला करू लागली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ मड्डम, डब्यातलं ऱ्हायलं आनि भुईतलं आधी आलं." मग पुन्हा आत ओरडली, "दिसत न्हाय गं! कुठल्या अंगाला?"

 आतून आवाज आला तो बारीक, पण स्पष्ट. घरातला नियम मोडून.

"नन्न बगलाग, अत्ती."

नन्न म्हणजे माझ्या. एवढी कानडी आक्काला बाजारामुळे येत होती. अंगावरच्या गाठीलाही कानडीत गड्डीच म्हणतात.

मातीतला तिचा हात थांबला. ती तशीच बसून राहिली, बोटं मातीत. मग उठली. हात धुतले नाहीत, झटकलेही नाहीत. मागच्या दारातून आत गेली. दार उघडंच होतं. सून घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आक्का तिच्याशेजारी बसली, तिचा हात उचलून डोक्याच्या बाजूला ठेवला, आणि काखेत अंगठा टेकवला. दाबून बघितलं. कंद दाबून बघावा तसंच, डोळे अर्धे मिटून. पोरगी कळवळली.

आक्कानं तिचा हात सावकाश खाली ठेवला. लुगड्याचा काठ नीट केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मड्डम, मला शिवलीस का?"

"नाही."

"जा घरला. कापडं उकळाय घाल. आईला सांग, गाडीत जागा नगं."

पुढचं मी पाहिलेलं नाही. माळावर ऐकलं ते एवढं. आक्कानं लपवालपवी केली नाही. स्वतः नाक्यावर जाऊन सांगितलं, गाडी आणवली, आणि सुनेला मांडीवर घेऊन प्लेगच्या दवाखान्यात गेली. तट्ट्यांची शेड होती ती. नातेवाइकांना आत सोडत नसत. आक्का बाहेर तट्ट्याशी बसून होती. काशीबाई लांबून बघून आली, तिनं आईला सांगितलं. मी झोपडीत पलीकडे होते.

"तट्ट्यातनं पोरगी दिसतीया म्हनं तिला. आक्का 'लक्षुमी, ए लक्षुमी' म्हनून हाका मारतीया, पर पोरगी वळून बघत न्हाय. तापात सारखं काय तरी बोलतीया. कानडीत. आक्का येनाऱ्या-जानाऱ्याला इचारती, 'काय म्हनतीया वो ती?' कोन सांगनार?"

आई म्हणाली, "वळून का बघत नसेल?"

मला ठाऊक होतं. लहान असताना आपल्याला ज्या नावानं उठवलेलं असतं, त्याच नावानं माणूस तापात वळत असेल. पण त्या वेळी ती शेड खूप लांब होती आणि काशीबाई कालचं सांगत होती. पोरगी त्या पहाटेच गेली होती.

बाबू बोरगावहून आला तेव्हा घरावर कौलं नव्हती. प्लेगच्या टोळीनं ऊन यावं म्हणून ती काढून टाकली होती, भुई खणली होती, मागाच्या खड्ड्यात चुना ओतला होता. परसातले डबे रस्त्यावर पालथे केलेले. माग गेलेला नव्हता, पण त्या खड्ड्यात पाय सोडून बसणं बाबूला जमेना. शेवटी तो काकाकडे बोरगावला राहायला गेला. आईला चल म्हणाला. ती गेली नाही.

शिमग्याच्या सुमाराला आम्ही सगळे गल्लीत परतलो. आक्का आमच्या आधीच आली होती. दिसायला तशीच होती. फक्त काही शब्द तिनं सोडून दिले होते. गड्डा म्हणत नसे, गड्डी तर नाहीच. 'ती' म्हणायची. बाजारात एखादी कानडी माळीण 'उळ्ळागड्डी, उळ्ळागड्डी' ओरडत असली तर आक्का त्या बाजूची ओळ सोडून जाई. कांदा खायचं तिनं बंद केलं. गल्लीनं त्याचा अर्थ व्रत असा घेतला.

मी पुन्हा तिच्या परसात जाऊन बसू लागले. दगड तोच होता. एकदाच, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "काय म्हनत हुती त्ये मला कळलं न्हाय बघ."  तिला उत्तर नको होतं.

रस्त्याकडेच्या चुन्यातून तिनं मड्डमचे काही कंद वेचून आणले होते. धुतले होते. एके दिवशी ती ते पुन्हा डब्यांत बसवताना मी पाहिलं. खापरी, वाळू, माती, सगळं तसंच. कंद हातात घेतला, पण अंगठ्यानं दाबून बघितला नाही. आणि मातीत बसवला तो डोळा खाली करून.

"आक्का," मी म्हणाले, "डोळा..."

"ठावं हाय मला." तिनं वर माती ओढली. "वर येऊ नगं म्हून लावतीया. निजू दे. खालीच बरं हाय."

शाळेत नननं आम्हाला एक कंद काचेच्या बरणीत उलटा लावून दाखवला होता. कोंब आधी खाली जातो, मग वळतो, आणि कितीही वळसा पडला तरी वर येतो. मला हे पाठ होतं, आकृतीसकट. त्या परसात ते सांगण्यासारखं नव्हतं.

पुढे वडिलांनी इंग्रजी हद्दीत घर घेतलं. गल्ली सोडायच्या दिवशी सामान गाडीत चढत होतं, तेव्हा मी निरोप घ्यायला बोळातून गेले. बोळाच्या तोंडाशीच थांबले, कारण आक्का उकिडवी बसून एका घासलेटच्या डब्याकडे बघत होती. डब्याची एक बाजू खालून गंजली होती, तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्या भोकातून एक कोंब बाहेर आला होता. फिकट, वाकडा, हाक मारताना बोट वळवावं तसा वळून टोक वर केलेला. त्याला पुढे फूल आलं का, कुठल्या रंगाचं, ते मला कळलेलं नाही.

आक्कानं त्याला हात लावला नाही. डबा सरळ केला नाही, पाणी आणलं नाही. पदर सावरून ती आणखी जवळ सरकली.

"निंगव्वा," ती म्हणाली. ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आणि मग, बाजारात भाव विचारायच्या त्याच मोडक्या कानडीत, अगदी हळू: "यावाग बंदी?" कधी आलीस?

मग ती वाकली, डब्याच्या गंजक्या पत्र्याला कान लावला, आणि डोळे मिटून ऐकत राहिली. या खेपेला एकही शब्द चुकायचा नाही, अशी.